राहिलेल्या दोन ओळी

चिठ्ठीत मला पाच नंबर आला आणि आमचा सगळा गट हसला.

कृषी पदवीचं पहिलं वर्ष, कृषीविद्येचं पहिलं प्रात्यक्षिक. लातूरहून औश्याकडं जाताना आमचं कॉलेज लागतं. त्याच्या मागं प्रक्षेत्र, आणि प्रक्षेत्राच्या पार टोकाला, बाभळीच्या झाडांजवळ, आमच्या पाच जणांच्या गटासाठी हरभऱ्याचे पाच वाफे आखले होते. प्रत्येक वाफा पाच मीटर लांब, त्यात बारा ओळी. पेरणी आम्हीच केली होती, दोरी ताणून, दोन बोटं खोल. कोणता वाफा कोणाचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

उमाशंकर सरांनी आपल्या टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. त्यांच्या आडनावाचे तिघं कॉलेजात असल्यामुळं त्यांना सगळे नावानंच ओळखायचे. सर निलंग्याकडचे. बोलायचे कमी, पण बोलले की लिहून घ्यावं लागायचं.

"माती एक, बी एक, पाणी एक," ते म्हणाले. "फरक फक्त तणाचा. पहिल्या वाफ्यात तणाचं एक पानसुद्धा दिसता कामा नये. दुसऱ्याला दोन निंदण्या, खुरप्यानं. तिसऱ्याला तणनाशक. चौथ्याला नुसती कोळपणी, ओळींच्या मधून. पाचव्याला काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे काय करायचं सर?" मी विचारलं.

"काहीच करायचं नाही. येईल ते येऊ द्यायचं. बघायचं आणि लिहायचं."

"लुंबिनीसाठीच काढलाय तो वाफा," शिवांगी म्हणाली, आणि पुन्हा सगळे हसले.

त्यात खोटं काही नव्हतं. मी वर्गात असून नसायची. सर फळ्यावर मातीचे थर काढायचे आणि मी त्या थरांमधून खाली खाली उतरत जायची, काळीतून मुरमात, मुरमातून गारव्यात, आणि तास संपल्याची घंटा वरून कुठून तरी ऐकू यायची. हजेरीला माझं नाव दोनदा घ्यावं लागे. शाळेत मास्तर माझ्यासमोर टाळी वाजवायचे. मला त्याचा राग यायचा, पण टाळी वाजल्यावर.

शिवांगीला पहिला वाफा आला. तिचे वडील शेषेराव औसा तालुक्यातले मोठे शेतकरी, चाळीस एकर रान, आणि त्या रानातल्या कुठल्याही कामाला शिवांगीचा हात कधी लागलेला नव्हता. जिनं जन्मात खुरपं धरलं नाही, तिला रोज निंदायचा वाफा. आणि जिची माय आयुष्यभर लोकांची रानं निंदत आली, तिला न निंदायचा. चिठ्ठीला काय कळतंय म्हणा.

माझं गाव नांदेड जिल्ह्यात, उमरी तालुक्यात. आम्हाला शेत नाही. वडील लिंबाजी धर्माबादला मिरचीच्या अडतीवर पोती उचलतात, आठवड्यातून एकदा घरी येतात आणि आल्यावर घरभर सगळ्यांना शिंका येतात. माय, म्हणजे सरजाबाई, निंदायला जाते. सोयाबीन, तूर, हळद, हरभरा, ज्याचं असेल त्याचं. बायांची ओळ लागते, प्रत्येकीच्या वाट्याला दोन-तीन ओळींची पट्टी येते, तिला पात म्हणतात. मायची पात नेहमी सगळ्यांच्या पुढं असायची. पुढं जाऊन ती मागं राहिलेल्या बाईच्या पातीला हात लावायची.

लहानपणी मी संध्याकाळी तिला विचारायची, "माय, आज काय केलं?"

"काय न्हाई बाई. निंदलं."

दहा-बारा वर्षं मी हेच उत्तर ऐकलं. आणि ते खरंच होतं, कारण तिनं काय केलं ते दाखवता येत नव्हतं. पेरणाऱ्याचं काम उगवतं. कापणाऱ्याचं काम ढीग होऊन दिसतं. निंदणारी उठून गेली की मागं फक्त रिकामी जागा राहते, आणि रिकाम्या जागेकडं बोट दाखवून कोण म्हणणार की हे माझ्या मायनं केलं? गावातला एक जण तर तिच्या तोंडावर म्हणाला होता की निंदायला काय अक्कल लागते. माय हसली होती. मला मात्र त्या हसण्याचं वाईट वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

म्हणून पुढच्या तासाला सरांनी एक वाक्य सांगितलं तेव्हा मी टाळीशिवाय जागी झाले.

"पहिल्या वाफ्याच्या उत्पादनातून पाचव्याचं वजा करा. उरतं ते तणामुळं झालेलं नुकसान."

मी ते वहीत लिहिलं आणि त्याच्याकडं बघत बसले. नुकसान. पण तेच उलटं वाचलं तर? तण काढणाऱ्या हातानं जे वाचवलं ते. म्हणजे मायच्या कामाचा आकडा असतो. तो काढता येतो. आणि तो निघतो फक्त अशा वाफ्यामुळं, ज्याला माय कधी शिवलेली नाही. ती जिथं नाही तिथंच ती दिसणार होती.

फेब्रुवारीत शिवार फेरी असते. आसपासचे शेतकरी येतात, आम्ही आपापल्या वाफ्यापाशी उभं राहून माहिती सांगायची. मी ठरवून टाकलं की त्या दिवशी मायला आणायचं, पहिल्या रांगेत उभं करायचं, आणि सगळ्यांच्या देखत तो आकडा सांगायचा. तोवर तिला एक अक्षर बोलायचं नाही. फोनवर मी एवढंच सांगितलं, "माय, मला एक वाफा दिलाय. माझ्या नावाची पाटी हाय त्यावर."

"लई बेस," माय म्हणाली. "जीव लावून कर."

मी जीव लावून काहीच केलं नाही. रोज सकाळी सातला वाफ्यावर जायची. थंडीचे दिवस, मांजरा नदीकाठचं धुकं बाभळींपर्यंत यायचं आणि तिथं थांबायचं. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव असायचं. बोट लावून जिभेवर टेकवलं की डोळे आपोआप मिटायचे. शिवांगी तिच्या वाफ्यात उकिडवी बसून करवादत असायची, "हे लव्हाळं काल काढलं होतं की गं!" मी तिला खुरपं कसं धरायचं ते दाखवलं. टोक मातीत घालायचं नाही, मातीला चाटवायचं. पंधरा दिवसांत तिचे हात बरे चालायला लागले, आणि मला उगाच तिचा हेवा वाटला.

माझ्या वाफ्यात मात्र गर्दी जमली. आधी चंदनबटवा आला, पानांवर पीठ भुरभुरल्यासारखा. मग पाथरी, दुधी, घोळ. हरळीनं खालून रस्ता काढला. चांदवेल हरभऱ्याच्या खांद्यावर हात टाकून चढली आणि तिला पांढरी फुलं आली. सकाळच्या उन्हात ती सगळी फुलं माझ्याकडं बघायची. मला ठाऊक होतं की हे हरभऱ्याचा घास काढून घेतायत, तरी मला त्यांचा राग येईना. बिचाऱ्यांना कुणी तरी पहिल्यांदाच राहू दिलं होतं. मी प्रत्येकाचं नाव, उंची, संख्या वहीत लिहायची आणि मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायची.

एकदा दुपारी तिथंच डोळा लागला. स्वप्नात बायांची पात दिसली, पण एका शेताची नव्हती. उमरीपासून लातूरपर्यंत एकच ओळ, गोदावरीच्या पलीकडून सगळ्या मराठवाड्याच्या रुंदीची, रंगीत लुगडी, वाकलेल्या पाठी. खुरप्यांचा आवाज एकदम यायचा आणि थांबायचा. त्या पुढं सरकत होत्या आणि त्यांच्या मागं जमीन स्वच्छ होत होती. मला त्यांच्यात मायला शोधायचं होतं, पण एकीनंही तोंड वर केलं नाही. जाग आली तेव्हा गालाला माती लागली होती.

डिसेंबरच्या एकोणतीस तारखेला वाफ्याला पंचेचाळीस दिवस झाले. दुपारी आम्हाला रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक होतं, फोन बॅगेत, बॅग बाहेर. तीन वाजता सुटलो. फोनवर मावशीचे चार कॉल होते. नांदेडला लावला तर मावशी म्हणाली, "अगं, सरजा येऊन गेली का? सकाळच्या गाडीनं बसली की लातूरला. मालकाच्या घरी लगीन हाय, दोन दिस काम बंद. मनली लेकीला बघून येते."

मी गेटवर पळाले. वॉचमन म्हणाला, "हाव, आल्या होत्या एक मावशी. दीड-दोन तास झाले. लेकीचं रान कुठंय म्हणत होत्या. तिकडं लावून दिलं मी."

मला अजून काही कळलं नव्हतं. आनंदानं पळत होते. बाभळींजवळ पोचले तर पाचव्या वाफ्यात एक हिरवं लुगडं वाकलेलं दिसलं. ऊन तिरपं झालं होतं, खुरप्याचा तो आवाज येत होता, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की मी परत धुऱ्यावर झोपले आहे आणि या वेळी एकीनं तोंड वर केलं आहे.

"आलीस का गं?" माय म्हणाली. "तुजा तास व्हता म्हनं."

"माय," मी म्हणाले, "काय करून राहिलीस तू?"

"काय करू? समद्यांचे वाफे कसे चकचकीत, अन् माज्या लेकीचंच रान असं? मला वाचता येत न्हाई, पर तुजं नाव वळखता येतं. एवढ्या मोठ्या पाटीवर तुजं नाव अन् खाली हे जंगल. येनारं जानारं काय म्हनंल? सरजाबाईच्या लेकीला निंदता येत न्हाई?"

लातूरला सरजाबाई कोण ते कुणालाही ठाऊक नव्हतं. पण हे तिला कोण सांगणार?

वाफा उघडा पडला होता. बारातल्या दहा ओळी. हरभऱ्याची बारीक, फिकट झाडं पहिल्यांदाच एकटी उभी होती, लाजल्यासारखी. चांदवेल नव्हती. हरळीची मुळं उन्हात पडली होती. धुऱ्यावर मायनं तिच्या सवयीनं ढीग लावले होते: गुरांचं वेगळं, फेकायचं वेगळं, आणि चंदनबटवा नि पाथरी एका फडक्यावर वेगळी, भाजीला.

तिनं माझे हात हातात घेऊन उलटेसुलटे बघितले. "बिमार हायस का? हात दुकतेत? मग कामून न्हाई केलंस? मी हाय की. कुनाला सांगू नगंस मी काडलं म्हनून. तूच केलं म्हन."

तिच्या बोटांना हरभऱ्याची आंब लागून भेगा लाल झाल्या होत्या. चेहऱ्यावर मात्र असं समाधान होतं की मला ते मोडवेना. रडू येत होतं आणि हसूही येत होतं. पंचेचाळीस दिवस मी तिच्यासाठी जे सांभाळलं, ते तिनं माझ्यासाठी दीड तासात उपटून काढलं होतं.

"यष्टीचा टाइम झाला," ती उठत म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. "दोन वळी राहिल्या बघ. लई वाईट वाटून राहिलं. मी कव्हा पात आर्धी सोडत न्हाई. तू संध्याकाळी काड तेवड्या. इसरू नगंस."

"काढते," मी म्हणाले.

रिक्षानं तिला स्टँडवर नेलं. नांदेडच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. गाडी हलेपर्यंत ती मला बजावत होती, "दोन वळी. ध्यानात ठेव." मी मान हलवत होते. गाडी गेल्यावर मी स्टँडच्या बाकावर बसून पोटभर रडले.

भाजी हॉस्टेलच्या मेसमध्ये केवळाबाईंकडं दिली. त्यांनी लसूण घालून ती भाकरीबरोबर वाढली. आमच्या निरीक्षणाचा काही भाग आम्ही असा खाऊन टाकला. शिवांगीनं दोनदा मागून घेतली आणि मग, माझ्या ताटाकडं बघून, हळूच विचारलं, "आता सरांना काय सांगणार?"

तिनं सुचवलं की रानडुक्कर शिरलं म्हणू. मी विचार केला, नाही म्हणणार नाही. पण डुकरानं भाजी निवडून वेगळी ठेवली असती का?

दुसऱ्या दिवशी सर वाफ्यापाशी आले. माझी वही मागून घेतली. प्रात्यक्षिक वहीत एक रकाना असतो, 'प्रयोगात अडथळा आल्यास कारण'. त्यात मी लिहिलं होतं, 'आई आली होती.'

"हे काय आहे?" सर म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पाटी, नाव, हिरवं लुगडं, दोन ओळी. आणि सांगायचं नव्हतं तेही सांगून बसले: निंदणीचा आकडा, शिवार फेरी, पहिली रांग. बोलता बोलता आवाज फुटला.

"पाचवा वाफा बाद झाला," सर म्हणाले. त्यांचा आवाज कडक होता. "घरच्यांना सांगायला नको होतं का, की याला हात लावायचा नाही? दीड महिन्याचं काम गेलं."

"हो सर."

"मग ते कारण खोडायचं नाही. राहू दे." ते त्या दोन ओळींकडं गेले. अकरावी आणि बारावी. तण तिथं मांडीपर्यंत होतं. "कडेची ओळ आपण मोजत नाही. तिला एका बाजूनं मोकळं ऊन मिळतं. म्हणजे बारावी गेली. उरली एक. एका ओळीवर शास्त्र उभं राहत नाही."

मी मान खाली घातली.

"पण माणसाला दाखवता येतं," ते म्हणाले. "जे ठरवलं होतं ते लिहायचं नसतं, जे झालं ते लिहायचं असतं. लिही. पंचेचाळिसाव्या दिवशी हातानं एक निंदणी. दहा ओळी, दीड तास. कोणी केली?"

"मजूर एक," मी वहीतल्या पद्धतीनं लिहायला लागले.

"नाव लिही. दुसरी कोणी असती तर एवढं तण दीड तासात निघालं नसतं. मुळं बघ, एकसुद्धा तुटलेलं नाही."

मी लिहिलं, 'सरजाबाई लिंबाजी'. त्या रकान्यात नाव लिहिण्याएवढी जागा नव्हती, अक्षरं बाहेर गेली.

सरांनी पाटी बदलली. एकीवर 'पाच अ, निंदणी एक', दुसरीवर 'पाच ब, निंदणी नाही'. आणि मला बजावलं की 'पाच ब'ला आता मधमाशीशिवाय कोणी हात लावता कामा नये. जानेवारीभर मी त्या दोन ओळींची राखण केली. शेजारच्या दहा ओळी हळूहळू रंग धरत गेल्या. फिकट झाडांना फांद्या फुटल्या, जांभळी-गुलाबी फुलं लागली, मग शेंगा, म्हणजे घाटे. मी रोज धुऱ्यावर बसायची. मायची पात माझ्यासमोर रोज थोडी थोडी पुढं जात होती, ती तिथं नसताना.

दर रविवारी फोनवर माय पहिला प्रश्न तोच विचारायची.

"काडल्यास का दोन वळी?"

आणि मी दर रविवारी म्हणायची, "काढल्या." पंचेचाळीस दिवस गप्प राहिले तोच माझा गुन्हा होता, आणि आता मी दर रविवारचं खोटं त्यात घालत होते. तिला बोलावलं तर ती दोन ओळी बघणार. बघितल्या की कळणार की लेकीनं ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते सांगायला गेलं की कळणार की तिनं लेकीचा अभ्यास बिघडवला. आकडा सांगायचा तर तिला दुखवावं लागणार होतं. न सांगावा तर ती मरेपर्यंत 'काय न्हाई, निंदलं' म्हणत राहणार. मी फोन हातात घेऊन तीन दिवस फिरले. चौथ्या दिवशी म्हटलं, "माय, अठरा तारखेला ये. माझ्या रानाला लोक बघायला येणार हायेत."

शिवार फेरीला मांडव घातला होता. औसा, निलंगा, रेणापूरकडचे शेतकरी आले होते, पांढरे कपडे, टोप्या, खिशात पेन. शिवांगीचे वडील शेषेरावही होते. बायका चार-पाच, आणि त्यात माझी माय, हिरव्याच लुगड्यात, सगळ्यांच्या मागं. मी तिला पुढं ओढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. मला हितून दिसतं."

सरांना तिनं हात जोडले. "जय भीम सर. पोरगी बरी शिकते ना?"

"जय भीम," सर म्हणाले. "स्वप्नं फार बघते. पण लिहून ठेवते."

एकेक वाफा करत लोक पुढं सरकले. शिवांगीनं आपला वाफा छान सांगितला आणि खुरपं धरून दाखवलं. शेषेराव लेकीच्या हातांकडं बघतच राहिले. मग सगळे माझ्यापाशी आले. मी बोलायला तोंड उघडलं आणि मायची नजर त्या दोन ओळींवर गेलेली मला दिसली. तिच्या कपाळाला आठी पडली.

शेषेरावांनी दहा ओळींकडं बोट केलं. "पोरी, इकडं घाटे चांगले लागलेत, अन् ह्या दोन ओळी पार गेल्यात. इकडं कोणतं औषध मारलं? बाटलीचं नाव सांग, लिहून घेतो."

त्यांनी खरंच पेन काढलं.

"औषध नाही काका," मी म्हणाले. "माझी आई."

काही जण हसले. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. "हा वाफा न निंदता ठेवायचा होता. निंदलं नाही तर काय होतं ते बघायला. मी आईला ते सांगितलं नव्हतं, चूक माझी. ती मला भेटायला आली, तिला वाटलं लेकीचं रान राहिलंय, आणि तिनं दीड तासात दहा ओळी काढल्या. दोन राहिल्या, कारण एसटीची वेळ झाली. या राहिलेल्या ओळीत एका झाडाला सरासरी सतरा घाटे आहेत. तिनं निंदलेल्या ओळींत अडतीस. माती एक, बी एक, पाणी एक. फरक फक्त तिच्या हाताचा. एका झाडामागं एकवीस घाटे. एकरात लाखावर झाडं असतात, बाकी तुम्ही धरा."

कोणी हसलं नाही. शेषेरावांचं पेन तसंच हातात राहिलं. मग त्यांनी विचारलं, "नाव काय आईचं?" मी सांगितलं, आणि त्यांनी ते लिहून घेतलं.

माझं लक्ष मायकडं होतं. ती गर्दीतून वाट काढत पुढं आली. चेहरा पांढरा पडला होता.

"म्हंजी," ती हळू म्हणाली, "मी तुजं काम बिगडवलं व्हतं?"

"हो माय."

"अन् तू बोलली न्हाईस."

"न्हाई बोलले. तू लई खूश व्हतीस."

वाकून तिनं दहाव्या ओळीतलं एक झाड हातात धरलं, घाटे चाचपले. मग अकराव्या ओळीतलं धरलं. पुन्हा दहावीतलं. तिला आकडा ऐकायची गरज नव्हती, तिची बोटं मोजत होती. कितीतरी वेळ ती तशी मोजत राहिली. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि माझे तर कधीचेच वाहत होते.

"येवडं व्हतं व्हय गं," ती म्हणाली. "मला कुटं म्हाईत."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि सरांकडं वळली. "सर, तुमचं बगून झालं आसंल तर ह्या दोन वळी काडू का? त्या दिसापासून माज्या जिवाला लागून राहिल्यात."

आता काढून हरभऱ्याला काहीच मिळणार नव्हतं. हे सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि तिला आम्हा दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. सरांनी मान हलवली.

कमरेचं खुरपं काढून माय अकराव्या ओळीत बसली. शिवांगीनं तिचं खुरपं माझ्या हातात दिलं आणि मी बाराव्या ओळीत बसले. माय माझ्या पुढं गेली, तिच्या ओळीच्या टोकाला पोचली, आणि मग वळून माझ्या ओळीला हात लावायला लागली. बाभळींपलीकडं ऊन तिरपं होत होतं. आम्ही धुऱ्यावर उठून उभ्या राहिलो आणि मी मागं वळून बघितलं. बघण्यासारखं तिथं काहीच उरलं नव्हतं, आणि सगळे जण तेच बघत उभे होते.